उमेदवाराचे नाव

ता. २२ एप्रिल १९०६, रविवार. जुन्नर.

आज देशसेवेला आरंभ केला. सकाळी करणार होतो, पण अम्मीनं खिमा केला होता, म्हणून जेवून केला.

सुटी लागायच्या आधी कॉलेजात प्रोफेसरसाहेबांनी आम्हा पोरांना उभं करून सुनावलं होतं, "सुताराचा मुलगा रंधा मारायला शिकतो तो उमेदवारी करून. मग देशसेवा काय झोपेत शिकणार आहात? सुटीत कुणा पुढाऱ्याकडे महिनाभर उमेदवारी करा आणि तसा दाखला आणा. दाखला आणील त्याला पुढल्या वर्षी बोर्डिंगात खोली फुकट." खोलीचं ऐकून सगळ्यांत आधी हात मी वर केला. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय?

तर मी आणि पुण्याचा सावळाराम असे दोघे इथले चिमाजीपंत वकील यांच्याकडे रुजू झालो. सावळारामला वक्ता व्हायचं आहे. येताना वाटेत पेठ गावाला टांग्याचं घोडं बदलेपर्यंत त्यानं तीन भाषणं म्हणून दाखवली, घोडं बदलल्यावर चौथं. चिमाजीपंत तालुका लोकल बोर्डात पिंपळवंडी-आळे भागातून निवडून येऊ इच्छितात. आम्ही गावोगाव फिरून मतदारांना भेटायचं, लोकांच्या तक्रारी वहीत लिहायच्या आणि पंतांचं नाव सांगायचं. पंत प्रेमानं म्हणाले, "आजपासून तुम्ही दोघे माझे उमेदवार."

संध्याकाळी अब्बांना सांगितलं. ते अंगणात आपला हातकागद गुळगुळीत व्हावा म्हणून घोटत बसले होते.

"उमेदवार? म्हणजे कचेरीत असतात तसले? पगार नाही, आणि दौती धुवायच्या?"

"अब्बा, हे निराळं आहे. ही राजकारणातली उमेदवारी."

"असंल," अब्बा म्हणाले आणि घोटायला लागले. माझ्या घरात माझी किंमत ही अशी आहे.

ता. २५ एप्रिल, बुधवार. पिंपळवंडी.

पहिली सभा. सावळारामनं पाऊण तास भाषण केलं, त्यातला शेवटचा भाग इंग्रजीत. एक शेळी शेवटपर्यंत ऐकत होती. माणसं चावडीच्या सावलीला सरकली.

माझी पाळी आली तेव्हा मी थेट मुद्द्यावर आलो. "मंडळी, आम्ही चिमाजीपंत वकिलांचे उमेदवार."

राघू नावाचे एक म्हातारे शेतकरी पुढे बसले होते. म्हणाले, "दोघं बी?"

"दोघंही."

"आन् बोर्डात जागा किती?"

"या भागाला एक."

राघूबाबा विचारात पडले. "मंग पावणं, तुमची कुस्ती हाय का काय?"

मी त्यांना उमेदवारी म्हणजे काय ते तीन प्रकारे समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "कळलं, कळलं," पण त्यांच्या तोंडावरून मला तसं वाटलं नाही. या सबंध भागात पुरेसा शेतसारा भरणारे, म्हणजे मत असलेले, फक्त एकेचाळीस जण आहेत. त्यातल्या एकाला समजवायला एवढा घसा कोरडा पडतो, तर देशाचं काय होणार?

ता. २८ एप्रिल, शनिवार. पिंपळवंडी.

आज एका बाईची तक्रार लिहून घेतली. रतनबाई. धनगर. तिला मत नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही, तेव्हा खरं तर वेळ फुकट. पण सावळाराम नदीवर भाषणाची तालीम करत होता आणि मला दुसरं काम नव्हतं.

गाऱ्हाणं असं. गावाकडून नदीच्या डोहावर जायला दोन शेतांमधून सरकारी वाट आहे, तिला पाणंद म्हणतात. रतनबाईची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्या पाणंदीनं पाण्यावर जातात. होळीनंतर कुणीतरी त्या वाटेत बाभळीच्या काट्यांचं पुरुषभर उंच कुंपण घातलं आणि पाणंद पलीकडच्या नव्या उसाच्या मळ्यात घेऊन टाकली. आता मेंढरांना आळ्याच्या अंगानं वळसा घालून न्यावं लागतं. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, घरी येईपर्यंत पुन्हा तहान.

"पंधरा दिसांत अकरा कोकरं गेली," ती म्हणाली. "चालता चालताच बसत्यात. उचलून घ्यावं तर किती घेनार? दोन हात मला. पाणंद उघडली न्हाई तर मेंढरं इकावी लागत्याल. मंग आमी काय करायचं? आमाला दुसरं येतंय काय?"

मी टाक बुडवला. "कुंपण कुणी घातलं?"

ती पायाजवळच्या कोकराच्या अंगावरची कुसळं काढायला लागली.

"बाई, नावाशिवाय तक्रार होत नाही. नाव सांगा."

"त्येंचं नाव मी न्हाई घेनार," ती म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, म्हस्कूकडे तिनं बघितलं.

मी काही कच्चा नाही. बायका कुणाचं नाव घेत नाहीत हे मला ठाऊक आहे! वहीत ठळक लिहिलं: कुंपण घालणार, बाईचा नवरा म्हस्कू. प्रकार घरगुती.

म्हस्कूलाही चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "म्या? येवढी बाभूळ माझ्या बानं बी कदी बगितली न्हाई." नवरे असंच बोलतात. मळा कुणाचा ते विचारलं, तर म्हणाला, "आसंल कुना मोठ्या मानसाचा." माझ्याकडे मात्र दोघं अशी बघत होती की मीच काहीतरी चोरलं आहे.

ता. ३० एप्रिल, सोमवार. जुन्नर.

पंतांनी तक्रारींची वही पाहिली. रतनबाईच्या पानावर आले आणि एकदम थांबले. उपरण्यानं मान पुसली. मग शेवटची ओळ वाचली, आणि इतके हसले, इतके हसले की ठसका लागला. "शाबास, बदरुद्दीन! असंच नेमकं लिहीत जा." त्यांच्या पिंपळवंडीच्या मळ्यातल्या गुळाचा मोठा खडा त्यांनी मला स्वतःच्या हातानं दिला. गूळ फार उत्तम. एवढ्या मोठ्या माणसाला हाताखालच्याचं कौतुक करता येतं हे विशेष.

त्यानंतर निवडणुकीचा छापील अर्ज भरला. पंतांना एका मुकदम्यासाठी पुण्याला निघायचं होतं, टांगा दारात. म्हणाले, "तुझं अक्षर मोत्यासारखं, तूच भर. मी खाली सही करतो."

अर्ज सोपा होता. 'उमेदवाराचे नाव': बदरुद्दीन वल्द महंमद हनीफ कागदी, राहणार जुन्नर. सावळारामचंही लिहावं असं मनात आलं, पण ओळ एकच होती, आणि वहीचं काम सगळं मी करतो. 'कोणी सुचवला': चिमाजीपंत वकील. पंतांनी पंधरा-वीस कागदांवर भराभर सह्या ठोकल्या, त्यात हीसुद्धा, आणि टांग्यात बसले. चौदा तारखेला मतदानाच्या दिवशीच परत येणार.

ता. ४ मे, शुक्रवार. पिंपळवंडी.

काल चावडीवर उमेदवारांची यादी लागली. कुलकर्ण्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली म्हणे. मी गेलो नाही. अर्ज मीच भरलेला, त्यात नवीन काय ऐकायचं?

सावळाराम मात्र गेला होता. परत आला तो लाल होऊन. "विश्वासघातकी!" एवढा एकच शब्द बोलला, तोही मराठीत, आणि गाठोडं बांधून पुण्याला चालता झाला. मी मागून ओरडलो, "अरे, झालं काय?" त्यानं चालण्याचा वेग वाढवला. ऊन लागलं असणार. वक्त्यांची डोकी आधीच तापलेली असतात.

लोकांवर मात्र माझ्या कामाचा परिणाम आता दिसू लागला आहे. रस्त्यानं जाताना माणसं रामराम करतात. राघूबाबांनी बसायला स्वतःचं घोंगडं टाकलं. "या, उमेदवार!" म्हणाले. शेवटी त्यांना शब्दाचा अर्थ कळला तर! आपल्या शिकवण्याचं चीज झालं की बरं वाटतं.

ता. ८ मे, मंगळवार. पिंपळवंडी.

रतनबाई पुन्हा आली. आज उभ्यानंच बोलली. "येकच इचारते. उमेदवार निवडून आला तर काटी निघंल का?"

उमेदवार म्हणजे तिच्या मनात पंत असणार. आता या बाईला पुन्हा सगळं समजावत कुठे बसू? म्हटलं, "बाई, उमेदवार निवडून आला की काटी निघालीच समजा. हा उमेदवाराचा शब्द आहे."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं," म्हणाली, आणि गेली.

इकडची एक रीत नमूद करून ठेवतो. पेरणीच्या आधी शेतकरी आपल्या रानात धनगराची मेंढरं बसवून घेतात. एक मुक्काम झाला की रानाला लेंडीखत मिळतं, त्याबद्दल धनगराला दाणे देतात. या गावाला हे खत रतनबाईच्या मेंढरांचंच. काल मेंढरं राघूबाबांच्या शेतात बसली होती, आज त्यांच्या भावाच्या शेतात आहेत. परवापासून पुढच्या पाळ्या लावायला तिच्या दारात चांगले पागोटेवाले शेतकरी रांगेनं बसलेले मी पाहिले.

राघूबाबा म्हणाले, "यंदा रतनबाई लई भाव खाती, राव. दानं नगं म्हनती."

"मग काय हवं म्हणते?"

"तुमाला ठावं न्हाई व्हय?" असं म्हणून ते मांडीवर थाप मारून हसले. भोवतीचे चार-पाच जणही हसले. खेड्यातले लोक विनाकारण हसतात, हा मी काढलेला एक निष्कर्ष.

ता. १४ मे, सोमवार. पिंपळवंडी.

आज झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मतदान चावडीवर मामलेदारसाहेबांसमोर. प्रत्येक मतदारानं पुढे यायचं आणि तोंडानं नाव सांगायचं. पंत सकाळीच पुण्याहून आले. जरीची पगडी, नवी करकरीत छत्री, आणि घालून घ्यायला हार त्यांनी स्वतःच बरोबर आणलेला. मामलेदारसाहेबांनी कागद उलगडला आणि वाचलं, "उमेदवार दोन. आळ्याचे कुशाबा पाटील. आणि जुन्नरचे बदरुद्दीन वल्द महंमद हनीफ कागदी. सुचवणार चिमाजीपंत वकील."

पंत आधी हसले. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पायाखालची चावडी सरकली म्हणतात तशी माझी सरकली. या अल्ला! ती ओळ आमच्यासारख्या उमेदवाराची नव्हती, निवडणुकीच्या उमेदवाराची होती!

"साहेब, हा लेखनदोष आहे," पंत म्हणाले.

"खालची सही आपली?"

"सही माझी. पण मी—"

"मग झालं तर."

पंत वकील, पण गर्दीपुढे 'न वाचता सही केली' असं बोलता येईना. त्यांनी आपल्या माणसांना बाजूला घेऊन हाताच्या खुणा करत सांगितलं की घरी जा, नाहीतर मत कुशाबाला द्या. कुशाबा पाटील म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी! पंतांना बरं वाटावं म्हणून मीही चावडीच्या पायरीवर चढून ओरडलो, "मंडळी, हात जोडतो, मला मत देऊ नका!"

राघूबाबा म्हणाले, "आता कसं! ह्ये पयलं भाषान जे आमाला समाजलं," आणि पुढे होऊन माझं नाव सांगून आले.

कुशाबा पाटील नऊ. मी सतरा. बाकीचे आलेच नाहीत.

मी मामलेदारांना सांगितलं की माझं वय एकोणीस आहे. ते म्हणाले, "वयाचं प्रांतसाहेब बघतील. त्यांचा हुकूम येईपर्यंत तुम्ही सदस्य. गुरुवारी बैठक आहे, वेळेवर या." रतनबाई चावडीसमोरच्या लिंबाखाली बसली होती. निकाल ऐकला, पदर झटकला आणि उठून गेली.

ता. १५ मे, मंगळवार. जुन्नर.

पंतांनी दारातच गाठलं. आत घेतलं नाही. "राजीनामा लिही आणि परवा बैठकीत सगळ्यांत आधी तो ठेव. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. बोललास तर दाखला विसर." मी लिहिला. खोली गेली तर कॉलेज गेलं, हे मला लख्ख दिसतं. अब्बांचा कागद आता गिरणीच्या कागदापुढे कोण घेतो? ते मला पुण्यात भाड्यानं कुठून ठेवणार?

पण रतनबाईला शब्द दिलाय तो उमेदवाराचा, आणि उमेदवार म्हणजे मीच निघालो. कसली ही भाषा, एका शब्दात तीन माणसं कोंबते!

ता. १७ मे, गुरुवार. जुन्नर.

बोर्डात आम्ही नऊ जण. त्यातले चौघे डोळे मिटून विचार करत होते. मामलेदारसाहेब म्हणाले, "नवीन सदस्यांना काही सांगायचं आहे?"

राजीनामा खिशात होता. तो द्यायच्या आधी बाईचा शब्द राखू, दोन मिनिटांचं काम, असा विचार करून मी तिची तक्रार वाचली. 'कुंपण घालणार, बाईचा नवरा म्हस्कू' यावर सगळी सभा हसली. डोळे मिटलेले चौघेही जागे होऊन हसले.

एक वयस्कर सदस्य डोळे पुशीत म्हणाले, "अहो, कुंपणापलीकडे ऊस कुणाचा आहे?"

"कुणा मोठ्या माणसाचा."

"त्याचा गूळ कधी खाल्लात का?"

माझे कान तापले. तो खडा मी चघळत चघळत घरी गेलो होतो. मी गाढव. नुसता गाढव नाही, वही घेऊन फिरणारा गाढव. ती बाई नाव घेईना ते माझ्यापुढे, कारण मी त्यांचाच माणूस म्हणून हिंडत होतो. आणि मी तिच्या बिचाऱ्या नवऱ्याला दम भरून आलो! इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. राजीनामा मी खिशातल्या खिशात चुरगळला आणि म्हणालो, "पाणंद आजच्या आज मोकळी करावी, असा माझा ठराव आहे."

त्यावर तासभर चर्चा झाली. अखेर मंजूर झालं ते असं: पावसाळ्यानंतर एका समितीनं जागा पाहावी किंवा कसे, याचा विचार पुढील बैठकीत करावा.

बाहेर आलो तर कचेरीच्या भिंतीशी रतनबाई. पिंपळवंडीहून चालत आलेली. पाय धुळीनं पांढरे. तिला काय सांगू?

"काय झालं वं?"

"ठराव झाला. पण रतनबाई, ठराव म्हणजे..."

"म्हंजी ठरलं," ती म्हणाली.

"ठरलं असं नाही. ठराव असा की..."

"ठराव झाला म्हंजी ठरलंच की वं!" आणि ती निघालीसुद्धा. मी हाका मारत वेशीपर्यंत मागे पळालो. धनगराच्या बाईबरोबर चालण्यात मला हार खावी लागली.

ता. २१ मे, सोमवार. पिंपळवंडी.

शुक्रवारी सकाळी कुंपण नव्हतं. काटी गावात वाटून चुलीतही गेली. पंतांनी फिर्याद दिली: रतनबाई आणि म्हस्कू यांनी दंगा करून कुंपण मोडलं, दोघांना कैदेत घालावं. आज मामलेदारसाहेब नकाशा घेऊन जागेवर आले. मी सकाळी काही खाल्लं नव्हतं. बाई तुरुंगात गेली तर ती माझ्या शब्दामुळे जाणार, हे एकच डोक्यात.

"कुंपण कुणी काढलं?" मामलेदारांनी विचारलं.

मी पुढे झालो. "माझ्या सांगण्यावरून निघालं. सदस्य मी. काय करायचं ते मला करा." पंत माझ्याकडे बघत होते आणि मला बोर्डिंगातली खोली डोळ्यांपुढून जाताना दिसत होती, खिडकीसकट.

"खोटं बोलत्यात ह्ये," रतनबाई म्हणाली. "ठरावानं निघालं."

मामलेदारांनी नकाशा घोड्याच्या पाठीवर पसरला. बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाले, "पंत, ही वाट सरकारी आहे. फिर्याद घेतो. तेवढं लिहून द्या की सरकारी पाणंदीत आपण कुंपण घातलं होतं आणि ते या लोकांनी काढलं."

पंतांनी टाक हातात घेतला. तो दौतीत बुडवला. पुन्हा बुडवला. "सरकारी पाणंदीत मी कशाला कुंपण घालीन?"

"म्हणजे कुंपण नव्हतं?"

"तसं... नव्हतं."

"मग काढलं कुणी?"

पंतांनी टाक खाली ठेवला. "कुणीच नाही."

कारकुनानं ते लिहून घेतलं. कुंपण कधी नव्हतं, ते कुणी काढलं नाही, फिर्याद निकाली. सही. ही मात्र पंतांनी तीनदा वाचून केली.

एवढ्यात म्हस्कूनं शीळ घातली आणि मेंढरं पाणंदीनं खाली सुटली. आम्ही सगळे, मामलेदारसाहेब, त्यांचं घोडं, कारकून, पंत, बांधाला चिकटून उभे राहिलो. पाण्याचा वास लागलेली मेंढरं माणूस ओळखत नाहीत. पंतांची छत्री मेंढरांच्या पायांखालून डोहापर्यंत गेली. कारकुनानं विचारलं, "साहेब, मेंढरांचं लिहू का?" साहेब म्हणाले, "कशाला?" मी डोहावर जाऊन बघितलं. सगळी एका ओळीत माना खाली घालून पीत होती. मला रडू आलं, ते का ते ठाऊक नाही.

ता. २६ मे, शनिवार. जुन्नर.

प्रांतसाहेबांचा हुकूम आला. उमेदवाराचं वय कमी, नावावर जमीन नाही, सबब निवडणूक रद्द, आणि सदर इसमानं सदस्य म्हणून जे जे केलं ते सर्व रद्द. मी बारा दिवसांचा लोकनेता होतो, आता तेवढाही नाही.

पंतांनी दाखला पाठवला: 'बदरुद्दीन कागदी हे एक महिना माझ्याकडे उमेदवार होते. त्या मुदतीत काहीही घडले नाही.' हा दाखला घेऊन प्रोफेसरसाहेबांपुढे उभं राहायचं! खोली गेल्यात जमा आहे. अब्बांनी दाखला वाचला नाही, नुसता उजेडाकडे धरला. "गिरणीचा कागद आहे. दोन पावसाळे टिकायचा नाही," म्हणाले, आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या त्यांच्या मावसभावाकडे माझी सोय होते का ते विचारायला पत्र लिहायला बसले.

मी मनाचं समाधान करून घेत होतो. मोठ्यानं म्हणालो, "हुकूम काहीही असो. सतरा माणसांनी माझे गुण बघून मला निवडलं, हे तर कुणी पुसू शकत नाही."

बहीण ताहेरा कागदाच्या लगद्यासाठी चिंध्या निवडत होती. ती आधी फिसकन हसली, मग चिंध्यांत तोंड घालून हसली. "भाई, सतरा माणसांनी नाही. मेंढरांनी."

"काय?"

"आठ तारखेचं पान वाच. ज्याच्या शेतात मेंढरं बसणार, त्यानं तुझं नाव घ्यायचं. रतनबाईनं दाण्याऐवजी मतं घेतली. त्यांना खत पाहिजे होतं, तू कशाला पाहिजे होतास?"

"तू माझी वही वाचलीस!"

"तू लिहिलीस ना? मग तूच वाचली असतीस तर बरं झालं असतं."

तिला बाराखडी मीच शिकवली आहे. भोगतो आता.

ता. २८ मे, सोमवार. पिंपळवंडी.

दोन रात्री तोंड फिरवून झोपलो. आज चालत रतनबाईकडे आलो. ती डोहाच्या वरच्या अंगाला एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. मी विचारलं, खरं का?

"खरं," ती म्हणाली. जराही लाजली नाही. "अजून सात शेतं बसवायची हायती. सबुद दिलाय."

"पण मीच का? कुशाबा पाटील होते की."

"त्येंच्याकडं गेले व्हते की. वकिलाकडं बी गेले, धा येळा. सारी म्हनायची, बगू. तुमी म्होरं बसलासा. मी बोलत व्हते आन् तुमी लिवत व्हता. माझं बोलनं कागदावर ह्या डोळ्यांनी म्या तवाच पयल्यांदा बगितलं. म्हटलं, ह्यो मानूस आपला."

मग ठरवलं की या बाईशी तरी खोटं बोलायचं नाही. अठ्ठावीस एप्रिलच्या पानावर मी जे लिहिलं नव्हतं, ते तिला सांगितलं. म्हटलं, "रतनबाई, माफ कर. तुझं मी मनावर घेतलं नव्हतं. टाक नवा होता. तो चालतो का, एवढंच मी बघत होतो."

तिनं काटा उपसून दूर फेकला आणि कोकरू खाली सोडलं. ते लंगडत पाण्याकडे गेलं.

"मंग चालला न्हवं?" ती म्हणाली, आणि दुसरं कोकरू मांडीवर घेतलं.